गुलाबाचं तेल: पहाटेची तोडणी मोठी की तोडल्यानंतरची काळजी?

पहाटवारा:
मंडळी, दमास्क गुलाबाच्या, म्हणजे अत्तरासाठी लावतात त्या सुवासिक गुलाबाच्या, तेलाचा विषय निघाला की सगळे एकच सांगतात, फुलं पहाटे तोडा म्हणजे झालं. मला वाटतं पहाटेला गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळतंय. खरी वाट लागते ती तोडल्यावर. अंधारात उठून तोडलेली फुलं गोणीत दाबून भरली, तोंड आवळलं आणि दुपारपर्यंत भट्टीला, म्हणजे वाफेने तेल काढायच्या भांड्याला, नंबरच लागला नाही तर काय उपयोग? अशा गोणीत कोपरापर्यंत हात घालून बघा, आत चक्क गरम लागतं. तोडलेल्या फुलाचा श्वास चालूच असतो ना, त्याची उष्णता दाबलेल्या ढिगात कोंडते, पाकळ्या कडेने तपकिरी पडतात आणि आंबूस वास सुटतो.

रानगुलाब:
अजिबात पटलं नाही. फुलात तेलच उरलं नसेल तर जपणार काय? ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडायला लागतं, दुपारच्या फुलात ते सकाळच्या मानाने बरंच कमी भरतं. बल्गेरियात कझानलाक, तुर्कस्तानात इस्पार्ता, दोन्हीकडे मे-जूनमध्ये उजाडायच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि नऊ-दहापर्यंत उरकतात. एक किलो तेलाला तीन-चार टन फुलं लागतात हो, उगाच कोणी झोपमोड करत नाही. शिवाय फूल नुकतं उमललेलं, आतले पुंकेसर अजून पिवळे असलेलं हवं. पुंकेसर काळपट पडलेलं पूर्ण फुललेलं फूल दिसायला छान, पण तेलाला कमी.

पहाटवारा:
पण मग ढगाळ थंड दिवशी तोडणी उशिरापर्यंत का चालवतात? कारण प्रश्न घड्याळाचा नाही, तापमानाचा आहे. आणि तोच प्रश्न गोणीतही आहे, माझं म्हणणं एवढंच.

भट्टीवाला:
तुम्ही दोघंही साठवण म्हणजे नासाडी असंच धरून चाललाय. बहर ऐन भरात असला की एका दिवसात एवढी फुलं येतात की भट्ट्या पुरत नाहीत, थोडी रात्रभर राहणारच. आणि ठेवलेल्या फुलांच्या तेलात सिट्रोनेलॉलचं, म्हणजे गुलाबाच्या वासाच्या एका मुख्य घटकाचं, प्रमाण वाढतं, ते काय वाईट आहे का?

गंधाली:
दादा, टक्का वाढला म्हणजे माल वाढला असं नाही. फुलं आंबली की एकूण तेल घटतं, जेरानिऑल आणि नेरॉल हे सुगंधाचे दुसरे घटक कमी होतात, म्हणून उरलेल्यात सिट्रोनेलॉलचा वाटा मोठा दिसतो. शिवाय मिथाइल युजेनॉल हा नकोसा घटक चढतो, त्यावर युरोपात कॉस्मेटिक्समध्ये कडक मर्यादा आहे. सुगंधातही फरक पडतो, ताज्या तेलातला तो गोड फुलोरा जातो. सिट्रोनेलॉलच्या आकड्यासाठी फुलं मुद्दाम ढिगात ठेवणं मला तरी चुकीचंच वाटतं.

भट्टीवाला:
ताई, मुद्दाम ठेवतो असं मी कुठे म्हटलं? नाइलाज असतो. मग करायचं काय, फुलं टाकून द्यायची?

गंधाली:
टाकू नका, पण ढीगही लावू नका. सावलीत, हवा खेळेल अशा जागी पातळ थर पसरा, अधूनमधून हलक्या हाताने वरखाली करा. चार अंशांच्या आसपास कोल्ड स्टोरेज मिळालं तर एखादी रात्र निभावते. गोणीपेक्षा जाळीचे क्रेट बरे.

रानगुलाब:
हे सगळं मान्य, पण क्रमाचं काय? दुपारी तोडलेलं फूल चार अंशांत ठेवलं तरी उडालेलं तेल काही परत येत नाही. म्हणून माझ्या लेखी तोडणीच पहिली.

पहाटवारा:
आणि पहाटेचं फूल बांधलेल्या गोणीत तापवलं तर ते परत येतं का? मला तर वाटतं आधी भट्टीत किती माल मावतो ते बघावं आणि तेवढ्यालाच तोडायला माणसं लावावीत, उरलेल्या कळ्या फांदीवर थांबल्या तर निदान उद्याच्या गारव्यात उमलतील.

रानगुलाब:
कळ्या थांबतील हो, पण आज उमललेलं फूल उद्यापर्यंत थांबत नाही, त्याचं काय करणार ते सांगा.