सल्ला हवा: शुवामध्ये सादर करायला कोणतं जपानी गाणं घ्यावं?

कोयना_तोक्यो:
नमस्कार मंडळी. मी तोक्योतल्या निशिकासाईत राहते आणि इथल्या एका शुवा सर्कलला जाते. शुवा म्हणजे जपानी खुणांची भाषा. आमच्यात बहुतेक ऐकू येणाऱ्या बायका आहेत आणि एक कर्णबधिर आजी-आजोबांचं जोडपं. शरद ऋतूतल्या मेळाव्यात आम्हाला एक गाजलेलं गाणं शुवात करायचंय, आणि निवड माझ्या गळ्यात पडली आहे. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं हवं, हात फार पळवायला लागू नयेत. नंतर यूट्यूबवर टाकावं असंही काहीजणींचं म्हणणं आहे. जाणकारांनी सुचवा.

बटाटेवडा:
डोळे झाकून 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' (जगातलं एकमेव फूल) घ्या. स्मॅप या गायकांच्या गटाचं, 2003 चं. मूळ नाचातच ध्रुवपदाला शुवाच्या खुणा आहेत, त्यामुळे निम्मं काम झालेलंच आहे. 'जग' म्हणजे दोन्ही हातांनी गोल फिरवायचा, 'एक' म्हणजे तर्जनी, 'फूल' म्हणजे हात जुळवून बोटं उमलवायची. प्रेक्षकही सोबत हात हलवतील. हमखास यशस्वी.

हिरडा:
डोळे झाकून तेवढं नका घेऊ, शुवा आहे ती!
थोडं मोडता घालणारं लिहिते, राग नसावा. गाणी हातांनी करण्याच्या या प्रकाराला 'शुवा-उता' म्हणतात, आणि बऱ्याच कर्णबधिर लोकांना तो आवडत नाही. जपानमध्ये दोन प्रकार चालतात. एक 'निहोन शुवा', कर्णबधिरांची स्वतःची भाषा. तिचं व्याकरण जपानीहून वेगळं, आणि त्यातलं बरंचसं चेहऱ्यावर असतं: भुवया, मान, नजरेची दिशा. दुसरा 'निहोन्गो-ताइओ शुवा', म्हणजे जपानी वाक्याच्याच क्रमाने शब्दामागून शब्द खुणा लावत जायच्या. शब्द तालावर यावेत म्हणून गाणी बहुतेक दुसऱ्या प्रकारात बसवतात. ऐकणाऱ्याला ते गोड दिसतं, आणि ज्याला सूर पोचतच नाही त्याच्या हाती तुटक शब्द लागतात.
1995 साली किमुरा हारुमी आणि इचिदा यासुहिरो यांनी 'रो-बुन्का सेन्गेन' (कर्णबधिर संस्कृतीचा जाहीरनामा) लिहून कर्णबधिर हे वेगळी भाषा बोलणारे भाषिक अल्पसंख्य आहेत असं ठणकावून सांगितलं. गंमत बघा, त्याच वर्षी कर्णबधिर पात्रांच्या दोन मालिका टीव्हीवर तुफान चालल्या, आणि त्यातल्या एकीची नायिका आणि गायिका साकाई नोरिको हिने आपल्या मालिकेचं गाणं कोहाकु या टीव्हीवरच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात हातांच्या खुणांसह गायलं. तेव्हापासून हौस आणि नाराजी दोन्ही जोरात आहेत.
तुमच्याकडे आजी-आजोबा आहेत ना? मग आधी त्यांना विचारा की गाणं हवंय का. हवं असेल तर बसवायचं कामही त्यांच्याकडेच द्या, तुम्ही मागे उभ्या राहा.

बटाटेवडा:
हे म्हणजे फारच झालं. शाळेतली पोरं या गाण्यांमुळे तर शुवाकडे वळतात. तोत्तोरीत 2014 पासून हायस्कूलांची शुवा स्पर्धा भरते, शालेय बेसबॉलच्या प्रसिद्ध स्पर्धेवरून 'कोशिएन' म्हणतात तिला. त्यात गाणी असतात, नाच असतो, नाटकंही असतात, आणि बधिर शाळांचे संघही उतरतात. ते सगळे चुकलेत का?

हिरडा:
अहो, चुकले कुठे म्हटलं? त्याच स्पर्धेतल्या बधिर शाळांचे प्रयोग बघा आणि ऐकणाऱ्या मुलांचे बघा, फरक आपोआप दिसेल. गाणी करूच नका असं माझं म्हणणं नाही. कोयना, माझ्याकडून सूचना: गायक साकामोतो क्यूचं 'उए ओ मुइते आरुको' (वर बघत चालू या). 1961 चं, तुमच्या आजी-आजोबांच्या तरुणपणीचं. लय संथ आणि शब्द डोळ्यांना दिसणारे: वर बघत चालणं, अश्रू, तारे, रात्र. शिवाय साकामोतोला स्वतःला शुवाची आस्था होती.
अडचण एकच, जपानी गाण्यात कर्ता गाळलेला असतो. शुवात 'मी इथे, ती तिथे' हे आधी हवेत मांडून ठेवावं लागतं, नाहीतर कोण कोणाला आठवतंय ते कळत नाही. त्यासाठी काही शब्द सरळ सोडून द्या. 'अश्रू गळू नयेत' मधला नकार नुसत्या हाताने करू नका, मान हलली पाहिजे. चाल आनंदी आणि आशय रडवेला, तेव्हा चेहरा आशयाबरोबर ठेवा.

कोयना_तोक्यो:
हिरडाताई, हे अगदी हवं होतं. पण त्यात शिट्टीचा तुकडा आहे, तिथे काय करायचं?

हिरडा:
हात खिशात घालून नुसतं चालायचं, नजर वर. सगळ्यांनी एका लयीत चालू नका, कवायत वाटते.

निगडीकर:
अवांतर: कोणी हे पुण्यात जपानी क्लासच्या कार्यक्रमात करणार असेल तर आधी प्रेक्षकांना सांगून ठेवा. आपली भारतीय सांकेतिक भाषा पूर्ण वेगळी आहे. शुवात अंगठा म्हणजे पुरुष आणि करंगळी म्हणजे बाई. आपल्याकडे करंगळी दाखवली की मास्तर म्हणणार, जाऊन ये. आणि 'मोठा भाऊ' म्हणजे मधलं बोट वर. पहिल्या रांगेत सासरे बसले असतील तर जपून.

शेंगदाणे_चटणी:
यूट्यूबबद्दल: शब्द आणि चालीसाठी यूट्यूबचा जासराकशी (गाण्यांचे हक्क सांभाळणारी जपानी संस्था) करार आहे, पण मूळ सीडीचं ध्वनिमुद्रण वापरायचं तर रेकॉर्ड कंपनीची वेगळी परवानगी लागते. पियानोवर स्वतः वाजवा, प्रश्न मिटला. मेळाव्याला तिकीट नसेल आणि कोणी मानधन घेत नसेल तर मंचावर अडचण नाही.
गडद एकरंगी कपडे घाला, अंगठ्या काढून ठेवा, दिवा समोरून हवा, आणि तोंडापुढे माइक नको, ओठ दिसायला हवेत. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे हे निवेदिकेकडून आधीच सांगवून घ्या.

कोयना_तोक्यो:
सगळ्यांचे आभार. पुढच्या बैठकीत आजी-आजोबांपुढे विषय ठेवते. ते 'गाणं नको' म्हणाले तर छोटी नाटुकली बसवू. बटाटेवडा, तुमचं फूल राखीव यादीत आहे.

बटाटेवडा:
राखीव तर राखीव. व्हिडिओ टाका मात्र.