तात्यांच्या पंच्याहत्तरीला गाढवं दत्तक घ्यायची आहेत. कुठे, कशी?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी कराडची. आमच्या तात्यांना येत्या बेंदराला पंच्याहत्तर पूर्ण होतायत. शाल-श्रीफळ, फ्लेक्स, जेवणावळ यातलं काहीही करायचं नाही, असं त्यांनी आत्ताच बजावून ठेवलंय.

आम्ही कुंभार. तात्यांचं लहानपण नदीकाठावरनं गाढवांवर माती आणण्यात गेलं. त्याच मातीचे बेंदराचे बैल व्हायचे, घरोघर पाटावर बसून पुजले जायचे. "मातीच्या बैलाला पुरणपोळी आणि माती वाहणाऱ्याला फोक," असं तात्या अजून म्हणतात. शेवटचं गाढव विकलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.

तर सोडवून आणलेल्या गाढवांचा खर्च त्यांच्या नावाने उचलावा असं मनात आहे. महिन्याला दोनेक हजार जमतील. संस्था कशी पारखायची? एकाच गाढवाचा खर्च उचलायचा की सगळ्या कळपासाठी द्यायचे? भाऊ म्हणतो, कशाला संस्था, मळ्यात एक आणून बांधू. हसू नका, खरंच विचारतेय.

हळदीचं_पेव
हसू नका म्हटलं की हसू येतंच ताई. गाढवाला गुळाची चव काय, इथपासून सुरुवात करू का? बरं, थांबतो. आमच्या घरी नाथांची गोष्ट सांगायचे, काशीहून आणलेली कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केल्याची. तेव्हा कल्पना उत्तम. माहिती मात्र शून्य, वाचतोय.

गुरांचा_दवाखाना
नोकरीची बरीच वर्षं जत-आटपाडीकडे गेली, त्यामुळे थोडं लांबलचक लिहितो.

आधी भावाला आवरा. एकटं गाढव आणून बांधू नका. गाढवांची जोडी जमते आणि ती तुटली की मागे राहिलेलं चारा सोडतं. घोड्याचं पोट दुखलं तर तो लोळून गाव गोळा करतो. गाढव मान खाली घालून उभं राहतं, बस. चारा सुटला की अंगातली चरबी रक्तात उतरते, आणि तिथून त्याला परत आणणं फार अवघड. म्हणून जाणती माणसं काय करतात, जोडीतलं एक मेलं तर दुसऱ्याला काही वेळ त्याच्यापाशी राहू देतात. ते हुंगतं, ढोसून बघतं, मग आपणहून बाजूला होतं.

दुसरं, तुमच्या मळ्यात ऊस असणार. म्हणजे वाढं, हत्तीगवत, पेंड. गाढव हा रखरखीत मुलखातला जीव, त्याचं काडावर-भुसकाटावर चांगलं भागतं. हिरवं आणि गोड जास्त झालं की खुराच्या आत सूज येते आणि जनावर कायमचं लंगडं होतं. पेवसाहेब, गुळाची चव त्याला उत्तम कळते, म्हणूनच देऊ नका. भेटीला जाताना चपात्यांची चवड नेणारे भाविक मी पुष्कळ पाहिलेत.

संस्था बघायची तर आषाढात जा. फेब्रुवारीत सगळंच छान दिसतं. गाढवाच्या केसांवरून घोड्यासारखं पाणी ओघळून जात नाही, ते कातडीपर्यंत भिजतं. छप्पर पुरतं का, पायाखाली चिखल आहे की कोरडी जमीन, ते बघा. आणि फोटो काढण्याआधी खूर बघा. सहा ते दहा आठवड्यांनी तासावे लागतात, नाहीतर मोजडीसारखे पुढून वर वळतात. मागच्या वेळी कधी तासले, कोणी तासले, विचारा. नोंदवही निघाली तर पुढचं बोला. दातांची तपासणी, धनुर्वाताची लस, जंताचं औषध हेही त्याच वहीत असायला हवं.

आणि वय विसरू नका. नीट सांभाळलं तर गाढव तिशीपर्यंत सहज जातं. हौस दोन वर्षांत फिटली तर त्याचं काय, हे संस्थेला विचारा आणि घरातही.

सवडीने_वाचते
माझा अनुभव कडू आहे. एका संस्थेला तीन वर्षं दर महिन्याला पैसे दिले. दर दिवाळीला फोटो यायचा. तिसऱ्या दिवाळीला लक्षात आलं की फोटो तोच आहे, मागची चौकट तेवढी बदललेली! भेटायला येतो म्हटलं की "सध्या काम चालू आहे". नाव लिहीत नाही. एवढंच सांगते, आगाऊ न कळवता अर्धा तास येऊ देत नसतील तर पाकीट बंद ठेवा.

भट्टीवरचा
आमचं घर वीटभट्टीचं, म्हणून दुसरी बाजू. १९६५ च्या नियमांप्रमाणे गाढवावर ५० किलोच्या वर ओझं नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नको. खरं सांगू? कुणी मोजत नाही. आम्हीही मोजत नव्हतो. पाठीवरच्या जखमेला हळद लावायची आणि परत खेप.

पण गाढव सोडवून नेलं की मालक काय करतो? पौष पौर्णिमेला जेजुरीचा बाजार गाठतो आणि दुसरं आणतो. त्याला हप्ता आहे, पोरं आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ ला सुमारे १.२ लाख उरली. टिपर-ट्रॅक्टर आले हे एक कारण. चीनमधल्या औषधासाठी कातडीचा चोरटा धंदा चालतो, ते दुसरं. उरलेल्यांतली पुष्कळ अजून राबतायत. म्हणून ताई, सगळे पैसे निवृत्तांना देऊ नका. राबणाऱ्यांसाठी भट्टीवर येऊन औषधपाणी करणारे, मालकाला पर्याय काढून देणारे असतील, त्यांनाही द्या.

कोयनाकाठ
दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. तात्यांनी गाढव विकलं तेही हप्त्यासाठीच.

गुरांचा_दवाखाना
भट्टीवरच्यांशी सहमत. मग आपल्या भागात ॲनिमल राहतकडे आधी चौकशी करा. २००३ पासून सांगली-सोलापूर पट्ट्यात बैल, गाढवं, घोड्यांसाठी काम करतात, भट्ट्यांवर गाढवांच्या जागी ट्रॅक्टर आणायचं कामही त्यांनी केलंय. लांबचं चालत असेल तर उदयपूरच्या ॲनिमल एडकडेही सोडवलेली गाढवं आहेत. इंग्लंडातल्या सिडमथची डाँकी सँक्चुअरी १९६९ पासूनची, दत्तकाची पद्धत तिथे चांगली रुळलीये. पण तिथेही एकाच गाढवाचे पालक खूप जण असतात, हे धरून चला. त्यात फसवणूक नाही. एका लाडक्याच्या नावावर आलेल्या पैशातून चावऱ्या म्हाताऱ्याचंही भागतं. कळप की एक, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं.

हिशोबनीस
कोरडं पण कामाचं. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागा आणि धर्मादाय आयुक्तांकडे पडताळा. देणगीवर आयकरात सवलत (८०जी म्हणतात ती) हवी असेल तर तुम्ही जुन्या करपद्धतीत असायला हवं आणि २,००० च्या वरची देणगी रोखीत नको. पावती तात्यांच्या नावाने घेतलीत तर पैसेही त्यांच्याच खात्यातून जाऊ द्या. नाव एकाचं आणि खातं दुसऱ्याचं, इथेच सगळे घोळ होतात.

कोयनाकाठ
उशिरा लिहितेय. बेंदराच्या आधीच्या रविवारी, भर पावसात, न कळवता तात्यांना घेऊन एका ठिकाणी गेलो. कुठे ते लिहीत नाही, लगेच गर्दी नको. चिखल होता, पण शेडच्या आत कोरडं होतं. वही मागितली, मिळाली. तोवर तात्या आत जाऊन एका करड्या म्हातारीच्या पायाशी उकिडवे बसलेले. खूर हातात, अंगठ्याने घासून बघतायत. तिथल्या पोराला म्हणाले, "मागचा डावा जरा तिरका तासलाय." पोरगं म्हणालं, "ती त्या पायावर उभी राहू देत नाही, आजोबा." मग दोघं मिळून तो पाय बघत बसले, आम्ही बाहेर पावसात.

म्हातारी आणि तिची जोडीदारीण, दोघींचे हजार. उरलेले हजार वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या गाढवांच्या औषधपाण्याच्या शिबिराला. तात्यांनी अट घातली की प्रमाणपत्र हॉलमध्ये लावायचं नाही. शालीचं मामांना अजून समजावतोय.