किलिमांजारो: ६ दिवस की ८ दिवस? (वय ५४, पुणे)

वनाजकरीण

नमस्कार मंडळी. मी ५४ वर्षांची, गेल्या डिसेंबरात बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. टांझानियातलं किलिमांजारो शिखर बरीच वर्षं डोक्यात घोळतंय. आता लेक नोकरीला लागली, सासूबाई नणंदेकडे राहायला तयार झाल्या, म्हणजे एकदाचे ग्रह जुळलेत. ऑगस्टमध्ये जायचं म्हणतेय.

आजवरची पुंजी: आतकरवाडीकडून सिंहगड दर रविवारी (सध्या १ तास १० मिनिटं), राजगड-तोरणा एकदा, कळसूबाई दोनदा आणि हिमालयात एकदाच, केदारकंठा.

दोन ठिकाणांहून कोटेशन आलंय. एक मचामे वाटेने ६ दिवसांचं, दुसरं लेमोशो वाटेने ८ दिवसांचं. फरक माणशी पंचेचाळीस हजार. सहा दिवसवाला म्हणतो, "मॅडम, तुमचा सिंहगडाचा टाइम बघता आठ दिवस कशाला?" आमचे यजमान म्हणतात, डोंगर तोच, शिखर तेच, मग दोन रात्री जास्त तंबूत झोपायचे पंचेचाळीस हजार? हिशेबात चूक काढता येत नाही, पण मला पटतही नाहीये.

शिवाय उजवा गुडघा करकरतो. आणि मी शाकाहारी आहे, अंडंही चालत नाही. जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.

तळजाईकर

ताई, मी शिखरावर पोचलेलो नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल.

भोसरीला टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढली. २०२२ साली निवृत्त झालो आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आम्ही तिघे गेलो. तिघेही रविवारचे सिंहगडवाले. माझा टाइम ५५ मिनिटं होता आणि तो मी न विचारता सांगत असे. शहरातल्याच एका संस्थेने आम्हाला मरांगू वाट दिली, ५ दिवसांची. तंबू नाहीत, लाकडी झोपड्यांत राहायचं, गादी मिळते, सगळ्यांत सोपी आणि स्वस्त वाट. आमच्याही ग्रुपमध्ये "जास्त दिवस कशाला" हाच प्रश्न आला होता आणि तो मीच विचारला होता.

आता आकडे बघा. दरवाज्यापासून पहिल्या दिवशी मंडारा, २,७२० मीटर. दुसऱ्या दिवशी होरोंबो, ३,७२०. तिसऱ्या दिवशी किबो, ४,७२०. रोज बरोबर एक हजार मीटर वर झोपायचं. डोंगरातला साधा नियम असा की ३,००० च्या वर गेलं की झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. टूलरूममध्ये मापातला फरक टॉलरन्सच्या (म्हणजे चालेल एवढ्या फरकाच्या) दुप्पट आला तर जॉब स्क्रॅपमध्ये टाकतात. इथे त्याला पॅकेज म्हणतात.

चालताना तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच जाणवलं नाही, हीच गोम आहे. पाय झकास होते. गाइड सारखा "पोले पोले" म्हणायचा, म्हणजे हळूहळू, आणि मी सारखा त्याच्या पुढे. किबोला संध्याकाळी जेवण समोर आलं तर नुसत्या वासाने मळमळलं. डोकं ठणकत होतं. थकव्याने असेल म्हणून मी कुणाला बोललो नाही. रात्री बाराला निघालो. कपाळावरच्या टॉर्चच्या उजेडात पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात, बाकी काळोख आणि सैल खडी. दोन पावलं वर, एक पाऊल मागे.

हान्स मेयर गुहा ५,१५० मीटरवर आहे. १८८९ साली पहिल्यांदा शिखरावर गेला त्या जर्मन माणसाचं नाव. तिथे टेकलो. जॅकेटची चेन लावायला उजव्या हाताचा मोजा काढला, शेजारच्या दगडावर ठेवला. व्यवस्थित, बोटं सरळ करून, बेंचवर हत्यार ठेवतात तसा. मग उठलो आणि मोजा तिथेच ठेवून चालू लागलो. गाइडने तो उचलून माझ्या हातात दिला. मी घेतला आणि पुन्हा त्याच दगडावर नेऊन ठेवला.

त्याने माझ्या तोंडावर टॉर्च मारून विचारलं, आज वार कोणता? मी म्हणालो, गुरुवार. आज सुट्टी आहे, वर जायची गरज नाही. (भोसरीवाल्यांना कळेल. आमच्या साप्ताहिक सुट्टीचा वार गुरुवार.) त्या दिवशी मंगळवार होता. पुढे त्याने एक शब्द विचारला नाही, असिस्टंटला माझ्या काखेत हात घालायला लावला आणि खाली धाडलं. किबोलाही थांबू दिलं नाही, थेट होरोंबो. तिथे पोचेपर्यंत डोकं स्वच्छ झालं आणि आधी लाज वाटली, मग भूक लागली.

दुसरा मित्र माझ्याआधीच परतला होता. तिसरा, जो सिंहगडावर कायम सगळ्यांत मागे असतो आणि दर वळणावर फोटो काढतो, तो गिलमन्स पॉइंटपर्यंत गेला, ५,६८५. उहुरू शिखर ५,८९५ ला आहे, अजून दोन तासांची वाट. तो तिथून फिरला. आजही तो त्याबद्दल फारसं बोलत नाही.

तेव्हा ताई, सिंहगड १,३१२ मीटर आणि पुणं ५६० मीटर. सिंहगडावर उंचीमुळे बदलतो तो फक्त कांदाभज्यांचा भाव. पाय तयार होतात, रक्त नाही. उहुरूवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो, आणि त्या हवेला शरीर सरावायला दिवसच लागतात. ते घाटात सराव करून वाचवता येत नाहीत.

पैशांचंही सांगतो. पार्कची फी माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या जागेचे रात्रीला ५०, वर १८ टक्के व्हॅट. दोन दिवसांचे झाले २८३ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तरी चोवीस हजार इथेच गेले. उरलेल्यात दोन दिवसांचं जेवण आणि गाइड, स्वयंपाकी, हमाल यांचा रोज. पंचेचाळीसमध्ये लूट नाही. कुणी त्याहून फारच स्वस्त देत असेल तर तो हमालांच्या पोटातून काढतोय असं समजा. यजमानांना हा हिशेब दाखवा.

भूलथाप

तळजाईकर काका, मोज्याचा किस्सा मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे, चालेल ना?

मी भूलतज्ज्ञ, सहकारनगर. स्वतः जाऊन आलोय (लेमोशो, ८ दिवस, पोचलो; पण त्यात माझं कर्तृत्व फार नाही). काकांना झालं ते मेंदूला सूज येण्याच्या सुरुवातीचं दिसतं. त्या गाइडने वार विचारला, तसंच पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला लावतात. झोकांडी गेली की रात्र असो, पाऊस असो, खाली उतरवायचं. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला येत असेल तर तेच. तिथे सकाळची वाट बघत बसायचं नाही.

डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) विचारलं नाहीत, पण विचारालच. नेहमीचा प्रतिबंधक डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. लोकांना वाटतं गोळी लक्षणं झाकते. तसं नाही. ती मूत्रपिंडांतून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त जरासं आम्ल होतं, त्यामुळे श्वास वाढतो. शरीर चार दिवसांनी जे करणार ते थोडं लवकर करतं, एवढंच. बोटांना मुंग्या येतात, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं आणि रात्री तंबूची चेन चारदा उघडावी लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. नसेल तरी बोलाच, आणि दोन दिवस घरी घेऊन बघा. झोपेची गोळी मात्र वर अजिबात नको, ती श्वास मंदावते.

विम्याच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा वाचा. पुष्कळ पॉलिसी ४,००० किंवा ५,००० मीटरला संपतात. ६,००० पर्यंतची घ्या.

पायपीट

मी थोडा वेगळा सूर लावते. ८ दिवस छानच, पण मधला रस्ता आहे ना! मचामे ७ दिवस. मी तोच केला, फेब्रुवारीत, आणि पोचले.

६ आणि ७ मध्ये फरक एकाच मुक्कामाचा. दोन्हीत तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला ४,६०० च्या वर नेतात, डबा खायला घालतात आणि झोपायला खाली बरांकोला आणतात, ३,९०० च्या आसपास. वर जाऊन खाली झोपायचं, सगळी मेख तिथे आहे. पुढे ६ दिवसवाले बरांकोहून थेट बराफूला जातात, ४,६७०, आणि त्याच रात्री शिखर. म्हणजे दिवसभर चालून, चार तास आडवं पडून, पुन्हा रात्रभर. ७ दिवसांत मध्ये करंगाला मुक्काम असतो, त्यामुळे बराफूला दुपारीच पोचता आणि झोप मिळते. ६ दिवसवाल्याला एवढंच विचारा, "करंगाला थांबणार का?" गडबडला तर फोन ठेवा.

बरांकोची भिंत फोटोत भयंकर दिसते. अडीचशे मीटर, दोर लागत नाही, हात टेकत चढायचं. एका ठिकाणी कातळाला मिठी मारून पलीकडे पाय टाकायचा. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेल्यांना हसू येईल. हमाल डोक्यावर गॅसची टाकी घेऊन तिथून जातात, तेव्हा मात्र हसू येत नाही.

शिखराच्या रात्री पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, बुचाकडचं पाणी वाहतं राहतं. पाठीवरच्या पिशवीच्या नळीतलं पाणी गोठतं, माझं पहिल्या तासात गोठलं. फोन अंगाजवळ, आतल्या खिशात. आणि तायांसाठी: पाळीची तारीख उंचीवर पुढेमागे होते, सामान घेऊनच जा, वापरलेलं परत खाली आणायची वेगळी पिशवी ठेवा.

एक गंमत. बराफू म्हणजे बर्फ. गाडीला गारी, दुकानाला दुका, साबणाला साबुनी. तिसऱ्या दिवसापर्यंत मी स्वाहिली बोलतेय असं मलाच वाटायला लागलं होतं.

तळजाईकर

पायपीट, ७ दिवसांना माझी ना नाही. पण ताई पहिल्यांदाच ४,००० च्या वर जातायत, केदारकंठा ३,८१० ला संपतो. मी ८ च म्हणेन. ज्याचा मोजा दगडावर राहिला तो असंच म्हणणार.

गुडघ्याचं राहिलं. चढण्याची काळजी करू नका. शिखराच्या दिवशी उहुरूहून म्वेका कॅम्पला उतरवतात, ५,८९५ वरून ३,१००. पायथ्यापासून सिंहगडाची चढाई साधारण ६०० मीटर धरा, म्हणजे एका दिवसात साडेचार सिंहगड नुसते उतरायचे, तेही रात्रभर जागून. दुसऱ्या दिवशी म्वेका गेट, १,६४० च्या आसपास. ट्रेक संपतो तिथे आपल्या कळसूबाईचा माथा असतो!

म्हणून सरावात उतरण घ्या. पर्वतीच्या पायऱ्या सावकाश, काठ्या वापरून, पाठीवर सहा-सात किलो. आणि तो १ तास १० मिनिटांचा आकडा विसरा. तोंड मिटून नाकाने श्वास घेता येईल इतक्याच वेगाने चढा. दोन तास लागू देत. मागून येणारी पोरं "काकू, बाजूला" म्हणतील, म्हणू देत.

वनाजकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना २८३ डॉलरचा हिशेब दाखवला. त्यांनी कॅलक्युलेटर काढून पुन्हा केला, बरोबर आला, मग गप्प बसले. ८ दिवसांचं नक्की केलं. सहा दिवसवाल्याला करंगाचं विचारलं तर तो म्हणाला, "ते ऑन द वे बघू."

जेवणाचं कुणीच बोललं नाही?

पायपीट

अय्यो, विसरलेच. शाकाहारी अगदी सोपं. बुकिंग करतानाच लिहून कळवा, अंडं नको हे वेगळं लिहा, कारण नाश्त्याला ते गृहीत असतं. सूप, भात, भाज्या, बटाटे, फळं, दुपारी चहाबरोबर पॉपकॉर्न. ४,००० च्या वर भूकच मरते, तेव्हा ओळखीची चव लागते. मी मेतकूट नेलं होतं. गरम भातावर मेतकूट आणि लोणच्याचा खार, तंबूत बसून. आमच्या स्वयंपाक्याने वास घेतला, चाखलं, आणि दुसऱ्या दिवशी न सांगता मऊ भात केला. फक्त डब्यात न्या. टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. आईच्या पाच पिशव्या तिथेच गेल्या.

वनाजकरीण

मेतकूट सासूबाईंच्या हातचं आहे, नणंदेकडे जायच्या आत दळून घेते. तळजाईकर, सोमवारी पहाटे साडेपाचला पर्वतीपासून सुरुवात करतेय, पाठीवर सहा किलो तांदूळ. गुडघा चढताना करकरतो की उतरताना, ते नीट बघून कळवते.

तळजाईकर

उतरताना.