साहित्याच्या वर्गात विज्ञानकथा आणि विज्ञानपट कसे शिकवावेत?

प्रश्न

पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना या सत्रात मी विज्ञानकथा हा ऐच्छिक विषय प्रथमच शिकवत असून, कथा-कादंबऱ्यांच्या जोडीला त्यांवर आधारलेले चित्रपटही अभ्यासाला ठेवण्याची मुभा मला मिळाली आहे. हाताशी १५ आठवडे आहेत.

माझी अडचण वाचनयादीची नाही, चर्चेची आहे. गेल्या आठवड्यात मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला एक उतारा वर्गात वाचला, तेव्हा जवळजवळ सगळा तास मृत अवयवांतून सजीव प्राणी घडवणे शक्य आहे का, या एकाच मुद्द्यावर गेला. त्या कादंबरीत एक दर्यावर्दी बहिणीला पत्रे लिहितो, त्या पत्रांच्या पोटात शास्त्रज्ञाची कहाणी येते आणि तिच्याही पोटात त्याने निर्माण केलेला प्राणी स्वतःच्या तोंडाने बोलतो. हे तीन पदर कशासाठी, हा प्रश्न मला विचारताच आला नाही. शिवाय अनेक विद्यार्थी चित्रपट पाहून कादंबरीवरचे उत्तर लिहितात. ‘भाकीत खरे ठरले का’ या प्रश्नापासून वर्गाला मजकुराकडे कसे वळवावे?

प्रतिसाद १

मी हा विषय बरीच वर्षे शिकवत आलो आहे. माझा अनुभव असा, की मूळ कथा आणि चित्रपट यांच्यातला फरक जिथे भाषेमुळेच पडला आहे, अशी जोडी निवडली तर आपल्या दोन्ही अडचणींना एकदमच उत्तर मिळते. टेड चँग यांची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ ही १९९८ सालची दीर्घकथा आणि तिच्यावरचा २०१६ सालचा ‘अरायव्हल’ हा चित्रपट घेऊन पाहा.

कथेची निवेदिका भाषाशास्त्रज्ञ आहे. परग्रहवासीयांची भाषा ती कशी शिकली हे ती भूतकाळात सांगते, मात्र स्वतःच्या मुलीबद्दल बोलताना ‘आठवणे’ या क्रियापदाला ती भविष्यकाळ जोडते. तू एवढी असशील, तू असे म्हणशील, हे मला आठवते, अशी ती रचना आहे. ही रचना प्रथम चुकल्यासारखी वाटते, आणि पुढे कळते की सबंध कथा त्या एका व्याकरणिक विसंगतीवरच उभी आहे. चित्रपटाला क्रियापदाचा काळ नसतो. पडद्यावर जे दिसते ते त्या क्षणी घडत असते, त्यामुळे मुलीचा जन्म आणि मृत्यू चित्रपटाच्या आरंभीच दाखवला, की प्रेक्षक तो भूतकाळ समजून चालतो. दिग्दर्शकाने या समजुतीचाच उपयोग करून घेतला आहे. कथेत मुलगी २५ व्या वर्षी गिर्यारोहणातील अपघातात जाते, तर चित्रपटात ती किशोरवयात आजाराने जाते. अपघात टाळता आला असता आणि आजार टाळता येत नाही, तेव्हा भविष्य ठाऊक असलेल्या आईच्या निर्णयाचे वजन या बदलाने किती पालटते, हे विद्यार्थ्यांना विचारा. नुसता चित्रपट पाहून आलेल्याला हे उत्तर लिहिता येणार नाही.

दुसरी जोडी ‘सोलारिस’ची. पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची १९६१ सालची कादंबरी नायकाच्या अवकाशस्थानकाकडील प्रवासाने सुरू होते, तर रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचा १९७२ सालचा चित्रपट बराच वेळ पृथ्वीवरच रेंगाळतो, पाण्याखाली हलणारी वनस्पती आणि वडिलांचे घर दाखवत राहतो. लेम यांना हा चित्रपट रुचला नव्हता. त्यांची नाराजी योग्य होती का, यावर माझ्या वर्गात दोन पूर्ण तास वाद झाला आहे.

प्रतिसाद २

मी भौतिकशास्त्राची शिक्षिका आहे. वरील विवेचन मला पटते, परंतु विज्ञान बाजूला ठेवून मजकुराकडे वळावे असा कोणी अर्थ घेऊ नये, म्हणून हे लिहिते. चँग यांच्या कथेत फर्माच्या तत्त्वाची आकृती येते. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाशकिरण अशा रीतीने वळतो, की एकूण प्रवासाला कमीत कमी वेळ लागावा, म्हणजे जणू निघण्यापूर्वीच त्याला आपला मुक्काम ठाऊक असतो. शेवट जाणून मार्ग चालणारी आई आणि हा किरण ही एकच प्रतिमा आहे, आणि चित्रपटात ती जवळजवळ गळून गेली आहे. आकृती फळ्यावर काढायला १० मिनिटे पुरतात. ती वगळली तर कथेचे मध्यवर्ती रूपकच विद्यार्थ्यांच्या हातून निसटते.

प्रतिसाद ३

माझी सूचना भाषांतराची आहे. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६९ सालच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मधील माणसे बहुतेक काळ स्त्रीही नसतात आणि पुरुषही नसतात, तरी इंग्रजीत लेखिकेने त्यांच्यासाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरले. त्या निवडीचे त्यांनी प्रथम समर्थन केले आणि पुढे त्याबद्दल खेदही व्यक्त केला. यातले एखादे पान मराठीत उतरवायला सांगा. ‘मी पाहिले’ म्हणताना बोलणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते, पण ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच ते उघडे पडते. इंग्रजीत एका सर्वनामाचा असलेला हा पेच मराठीत प्रत्येक क्रियापदापाशी उभा राहतो. नपुंसकलिंग वापरावे तर पात्र लहान मूल वाटते, आदरार्थी ‘ते’ वापरावे तर पुरुष वाटतो. एका परिच्छेदासाठी विद्यार्थी तासभर झगडतात आणि त्यानंतर ती कादंबरी निराळ्या डोळ्यांनी वाचतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिले तीन आठवडे चँग यांची कथा घेण्याचे ठरवले असून, चित्रपट कथेच्या नंतरच दाखवीन. अंतर्गत मूल्यमापनाबद्दलही काही सुचवावे, ही विनंती.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

लेखकाचे नाव आणि साल काढून टाकलेला दोन पानांचा उतारा द्या आणि त्यातले अपरिचित जग कोणकोणत्या शब्दांतून उभे राहते, एवढेच विचारा. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांसमोर नामवंत शास्त्रज्ञ नव्हता, फक्त कथा होती, आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आपल्या विद्यार्थ्यांनाही निदान एकदा असे निनावी वाचन करू द्या. माझ्या वर्गात या उत्तरांना मी २० पैकी गुण देतो, आणि विज्ञानाच्या अचूकतेसाठी त्यात वेगळे गुण ठेवत नाही.