केमोच्या आधी भावाचं स्पर्म ठेवायचं म्हणतोय, बेळगाव-हुबळीकडं कुणी केलंय का?

खानापूरची अक्का

नमस्कार सगळ्यांना. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ २१ वर्षांचा, डिप्लोमा करून उद्यमबागेत एका कारखान्यात अप्रेंटिस लागला होता. मानेला गाठ आली, आधी टीबी असंल म्हणाले, मग बायोप्सी केली आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला. स्टेज दोन. डॉक्टर म्हणतात हा बरा होणारा कॅन्सर आहे, घाबरू नका. पुढच्या गुरुवारी पहिली केमो, कागदावर एबीव्हीडी लिहिलंय.

आता मुद्दा असा की केमोमुळं पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते आणि म्हणून आधीच स्पर्म काढून ठेवतात असं वाचलं. आम्हाला कुणी काही बोललं नाही. ओपीडीत ही गर्दी, शेजारी आबा उभे, त्यांच्यासमोर मला विचारायला तोंड उघडेना. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, आधी पोरगं वाचूदे, लेकराबाळांचं मग बघूया. आबा तर ऐकून उठूनच गेले बाहेर. मला समजंना की हे खरंच गरजेचं आहे का, केमो पुढं ढकलावी लागेल का, कार्डावर होतं का, आणि मुख्य म्हणजे मी बहीण, भावाशी हा विषय काढायचा कसा. कुणी या भागातलं यातून गेलंय का, प्लीज सांगा, दिवस कमी आहेत.

हुबळीतली सिस्टर

अक्का, मी कॅन्सर वॉर्डात काम करते, माहीत आहे ते सांगते, बाकी तुमच्या डॉक्टरांना विचाराच.

गरजेचं आहे का? एबीव्हीडीमध्ये चार औषधं असतात आणि मूल होण्याच्या बाबतीत ती कमी धोक्याची धरतात. बऱ्याच पोरांचा काउंट, म्हणजे स्पर्मची संख्या, कमी होतो आणि केमो संपल्यावर वर्ष-दोन वर्षांत परत येतो. मग ठेवायचं कशाला? एक तर हॉजकिनमध्ये नुसत्या आजारानंच काउंट आधीपासून खाली गेलेला असू शकतो, तपासल्याशिवाय कळत नाही. आणि दुसरं, तशी वेळ न येवो, पण आजार उलटला तर पुढची केमो जोराची असते, बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागतं, त्यातली मेल्फॅलन, सायक्लोफॉस्फामाइड असली औषधं वृषणावर फार वाईट परिणाम करतात. त्यावेळी ठेवू म्हटलं तर ठेवण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून आत्ता.

आणि "केमो सुरू करूया, सॅम्पल मधल्या वेळात देऊया" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पहिला डोस अंगात गेला की त्यानंतरच्या स्पर्मच्या डीएनएवर औषधाचा परिणाम झालेला असू शकतो. गुरुवारच्या आत व्हायला पाहिजे.

पोरांचं हे काम तसं लवकरचं. दोन-तीन दिवस वीर्य बाहेर जाऊ द्यायचं नाही, मग सॅम्पल द्यायचं, वेळ असला तर एक-दोन दिवस सोडून दुसरं द्यायचं. ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही. काउंट कमी निघाला तरी नाराज होऊन परत येऊ नका, इक्सी म्हणून पद्धत आहे, त्यात एका स्त्रीबीजात एकच स्पर्म सुईनं सोडतात, १९९२ पासून अशी मुलं जन्माला येतायत, त्यामुळं थोडं असलं तरी उपयोगाचं.

ठेवायच्या आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट मागतात. बायोप्सीच्या किंवा केमोच्या आधी तुमच्या हॉस्पिटलात हे बहुतेक झालेलेच असतील, झेरॉक्स काढून न्या, नाहीतर त्याच्यातच दिवस जातो.

आबांना समजावायचं असेल तर एक सांगा. म्हैस भरवायला गुरांचे डॉक्टर तो वाफ निघणारा कॅन घेऊन येतात ना, त्यात जे लिक्विड नायट्रोजन असतं तेच इथं, उणे १९६ डिग्री. आपल्या शेतकरी माणसांना हे लगेच कळतं. वीस वर्षांच्या वर ठेवलेल्या सॅम्पलपासूनसुद्धा मुलं झालेली आहेत.

चिकोडीकर

ताई मी यातून गेलोय. मला वृषणाचा कॅन्सर होता, लग्न झालं नव्हतं. माझ्या बाबतीत सर्जननीच सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मला काय माहीत.

तुमच्या भावाला काय काय होतं ते आधी कळलं तर सोपं जाईल म्हणून लिहितो. लॅबमध्ये गेल्यावर आधी फॉर्म देतात, माझा कन्नड आणि इंग्लिशमध्ये होता, मला कन्नड नीट वाचता येत नाही तर तिथल्या मुलीनं एकेक ओळ वाचून अर्थ सांगितला. त्यात एक प्रश्न असतो की तुम्ही दगावलात तर या सॅम्पलचं काय करायचं. २५-२६ वर्षांच्या माणसाला तो वाचून अंगावर काटा येतो. पण तो सगळ्यांनाच विचारतात, तुमच्या भावाची तब्येत गंभीर आहे म्हणून विचारत नाहीत, हे त्याला आधी सांगून ठेवा. मग एक रुंद तोंडाची डबी देतात, त्यावर नाव आणि नंबर आपल्यासमोर लिहितात, तो आपणच वाचून तपासायचा. एक छोटी खोली, आतून कडी. टेन्शनमध्ये पटकन जमत नाही, त्यात लाजायचं काही नाही, बाहेर कोण घड्याळ लावून बसत नाही. घर जवळ असेल तर घरून पण आणता येतं पण तासाभराच्या आत लॅबला पोचलं पाहिजे आणि थंड होऊ द्यायचं नाही, शर्टाच्या आतून अंगाला लावून आणायचं. खानापूरहून ते जमणार नाही, तिथंच द्या.

सोबत आईवडील नकोत असं माझं मत. मित्र किंवा मोठा भाऊ बरा. माझ्या सोबत मावसभाऊ आला होता, बाहेर चहा पीत बसला, बास.

दरवर्षी ठेवायचे पैसे भरावे लागतात, मोबाइल नंबर बदलला तर कळवायचं, हे विसरू नका. आणि लग्न ठरवताना मी पोरीला आणि तिच्या घरच्यांना सगळं आधी सांगितलं. एका ठिकाणी मोडलं. दुसऱ्या ठिकाणी सासऱ्यांनी एवढंच विचारलं की आता तब्येत कशी आहे. माझा काउंट नंतर आपोआप परत आला, ठेवलेलं वापरायची अजून वेळ आलेली नाही, तरी मी फी भरतो आणि भरत राहणार.

जुना बेळगावकर

मुलांनो, सगळं खरं असेल पण जीव महत्त्वाचा. लॅब शोधत हिंडण्यात आठवडा घालवू नका. माझ्या पुतण्याला ब्लड कॅन्सर झाला तेव्हा अॅडमिट केल्याच्या दुसऱ्याच दिवशी औषध चालू केलं होतं, थांबायला वेळच नव्हता.

हुबळीतली सिस्टर

काका, अक्यूट ल्युकेमियात तुमचं बरोबर आहे, तिथं कधी कधी तासांचा हिशेब असतो. पण हॉजकिन स्टेज दोनमध्ये तारीख ठरलेली आहे आणि गुरुवारपर्यंतचे दिवस तसेही मोकळेच आहेत, त्याच दिवसांत हे बसतं. केमो पुढं ढकला असं मी म्हणतच नाही. ढकलायची गरज पडली तरी ते ठरवणार त्याचे डॉक्टर.

निपाणीची वैनी

सगळे पोरांचं बोलताय, पोरींचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. विषयाला सोडून वाटेल पण कुणीतरी हे शोधत इथं येईल.

माझ्या धाकट्या बहिणीला २९ व्या वर्षी ब्रेस्ट कॅन्सर झाला, लग्न व्हायचं होतं. आमच्या घरात पहिली काळजी काय, तर गावात कळू नये. तिला पुढं मूल होईल का हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता, तिच्या मात्र होता, आणि ती सगळ्यांसमोर बोलत नव्हती. पोरगी गप्प आहे म्हणजे तिला काही विचारायचं नाही असं धरून चालायचं ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे. तिला एकटीला घेऊन डॉक्टरसमोर बसवा, नवरा नको, सासू नको, आई पण नको.

पोरींचं काम पोरांसारखं एका दिवसात होत नाही. रोज इंजेक्शन, साधारण १० ते १४ दिवस, मग भूल देऊन स्त्रीबीजं काढतात आणि ती गोठवतात. लग्न झालं असेल तर नवऱ्याच्या स्पर्मशी मिळवून भ्रूण करून पण ठेवतात. पूर्वी पाळी यायची वाट बघत बसायचे, आता कुठल्याही दिवसापासून सुरू करता येतं. ब्रेस्ट कॅन्सरवाल्या बाईला हार्मोन वाढायची भीती असते म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. बहिणीच्या बाबतीत ऑपरेशन आणि केमो यांच्या मधल्या दिवसांत ते बसलं, म्हणून निदान झालं की त्याच आठवड्यात विचारायचं.

केमो चालू असताना अंडाशय झोपवून ठेवायचं महिन्याचं इंजेक्शन पण असतं. ते चांगलंच आहे, पण बीजं ठेवायच्या ऐवजी तेवढंच पुरेल असं नाही हे आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं.

वयात न आलेल्या पोरींसाठी दुर्बिणीतून अंडाशयाचा तुकडा काढून गोठवतात, नंतर परत बसवतात. त्यापासूनचं पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. ब्लड कॅन्सरमध्ये मात्र त्या तुकड्यातूनच आजार परत यायची भीती असते, तिथं जपून. आणि ओटीपोटाला रेडिएशन द्यायचं असेल तर अंडाशय वर सरकवून बाजूला ठेवता येतात का हे आधी विचारा. पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं असंही नसतं, मूल व्हायची वर्षं कमी झालेली असू शकतात.

येळ्ळूरचा राजू

कार्डाचं सांगतो. आयुष्मान कार्डावर केमो होते पण फर्टिलिटीचे प्रकार त्यातून वगळलेत. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले जनआरोग्य योजना लागू केली, पण तीत हे बसेल असं धरून चालू नका. पोरांचं खिशातून हजारांत भागतं, पोरींचं लाखाच्या घरात जातं. हॉस्पिटलातल्या समाजसेवा विभागाला विचारा, कधी ट्रस्टची मदत मिळते. आणि लॅब २०२१ च्या एआरटी कायद्याखाली, म्हणजे मूल होण्याच्या कृत्रिम उपचारांच्या कायद्याखाली, रजिस्टर आहे का बघा, नंबर मागायचा, लाजायचं नाही. किती वर्षं ठेवणार आणि मुदत संपल्यावर काय, हे लिहून घ्या.

खानापूरची अक्का

सगळ्यांचे लई उपकार. काल डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले बरं झालं विचारलंत, मीच लेटर देतो, गुरुवारच्या आत करून घ्या. म्हणजे नुसतं विचारायचीच खोटी होती.

भावाला रात्री गच्चीवर गाठलं. चिकोडीकर दादांनी लिहिलेलं तसंच मोबाइलवर वाचायला दिलं आणि मी खाली आले. अर्ध्या तासानं येऊन म्हणाला, मी संतोषला घेऊन जातो, तू नको येऊस. आईचा विरोध नाही आता. आबा काही बोलले नाहीत पण गाडीत पेट्रोल टाकून आणलं.

एकच विचारायचंय, सोमवारी पहिलं सॅम्पल दिलं तर दुसरं बुधवारी चालतं का, का जास्त दिवस सोडावे लागतात? आणि केमो संपल्यावर किती दिवसांनी तपासायचं?

हुबळीतली सिस्टर

सोमवार-बुधवार चालतं. मंगळवारी केलं असतं तरी चाललं असतं, केमोच्या आधी मिळेल तेवढं ठेवायचं असतं. आज संध्याकाळपासूनच त्याला वीर्य बाहेर जाऊ न द्यायचं पथ्य सांगा, ताप असेल तर लॅबला कळवा. जाण्याआधी फोन करून वेळ घ्या, सॅम्पल गोठवणारा माणूस त्या वेळी हजर आहे ना विचारा, सगळीकडं तो दिवसभर नसतो.

केमो चालू असताना आणि संपल्यावर डॉक्टर सांगतील तोवर गर्भ राहू द्यायचा नाही, त्याचं लग्न झालेलं नसलं तरी हे त्याच्या कानावर असूदे. काउंटची तपासणी साधारण वर्षभरानं करतात. तेव्हा शून्य आला तरी घाबरून ठेवलेलं लगेच वापरायला धावायचं नाही, काहींना दोन-तीन वर्षं लागतात, थोड्या थोड्या महिन्यांनी परत तपासायचं.