बी विंगच्या पार्किंगमध्ये कुमार सानू

सी-402 अथर्व: बी विंगच्या पार्किंगमध्ये सकाळपासून कुमार सानू कोण लावून राहिलं? तेही झंकारवालं. रविवार आहे हो 🙏

बी-104 प्रमोद: मी. गाडी धुणं चालू आहे. आवाज जास्त वाटत असेल तर कमी करतो. गाणं बदलणार नाही.

सी-402 अथर्व: आवाजाचं काही नाही काका, टेस्टचं म्हणतो 😂 नाकातून गातो तो माणूस.

ए-203 वैशाली: टेस्टवर जाऊ नको बाबू. परवा लिफ्टमध्ये हेच गुणगुणत होतास. मी होते मागे.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे याची नोंद घ्यावी.

सी-402 अथर्व: ते डोक्यात अडकलं होतं मावशी, पार्किंगमधूनच! सानू एक वेळ ठीक. पण झंकार म्हणजे चांगल्या गाण्यावर दुसऱ्या कोणीतरी बसून ऑक्टोपॅड, म्हणजे तो इलेक्ट्रॉनिक ड्रम, बडवायचा. कोणाला सुचलं असेल हे?

बी-104 प्रमोद: ज्याला सुचलं तो रिक्षात बसलेला असेल. अथर्व, ती घरात सोफ्यावर बसून ऐकायची गोष्टच नव्हती. रिक्षा, ट्रक, ट्रॅव्हल्सची गाडी, पानठेला, तिथली होती ती. डिझेल इंजिनच्या घरघरीत जुन्या गाण्यातला तबला ऐकूच येत नव्हता. आधी बेस जातो, मग ठेका जातो, शेवटी नुसता गळा उरतो. त्यावर ऑक्टोपॅडचा ठोका टाकला आणि थोडा इको टाकला की मागच्या सीटवरच्या माणसालाही ताल सापडायचा. माझ्या गाडीत आजही सापडतो. एसी बंद, चारही काचा खाली, वर्धा रोड. तुझ्या त्या हेडफोनमध्ये घाण वाटेल, मान्य.

सी-402 अथर्व: हे मात्र माहीत नव्हतं.

डी-301 सुनंदा: नाकातून गातो हे खरं आहे. मी गाणं शिकवते म्हणून सांगते. पण सुराला पक्का आहे, आणि शब्द कसा सोडायचा ते कळतं त्याला. 1990 ते 1994 च्या सिनेमांसाठी सलग 5 वर्षं फिल्मफेअर घेतलं त्यानं. नाकाला नाही देत कोणी.

बी-302 सागर: सगळे अल्ताफ राजाला विसरले का? 1997, 'तुम तो ठहरे परदेसी'. आई-वडील दोघंही कव्वाल, म्हणून तर मधले शेर तसे फेकतो. ट्रॅव्हल्सच्या गाडीत शेर आला की पुढची ओळ मागच्या सीटवरून यायची. आमच्या हॉस्टेलात इंग्रजी रॉक ऐकणारी पोरं होती, रात्री मेसमध्ये ताटं वाजवत तीही हेच म्हणायची. सकाळी विचारलं तर 'आम्ही चेष्टा करत होतो'.

ए-203 वैशाली: सागर, हेच! या 'चेष्टा करत होतो'चाच राग येतो मला. नाहीतर दुसरं ठरलेलं, 'लहानपणची आठवण आहे ना, म्हणून'. आठवणी मला शाळेच्या मारकुट्या बाईंच्याही आहेत, त्या नाही लावून ऐकत मी. गाणं आवडतं म्हणून ऐकते. आमच्या बँकेत कोणी विचारलं की सगळे गझल सांगतात. मी आता सरळ सांगते, संगीतकार राम-लक्ष्मण.

आणि बाप्पा, तो आपल्या नागपूरचा माणूस! विजय पाटील. अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. दादा कोंडकेंनी सिनेमात आणलं, 1975 चा 'पांडू हवालदार'. जोडी होती, सुरेंद्र हेंद्रे राम आणि हे लक्ष्मण. राम लवकरच गेले, पण यांनी नाव शेवटपर्यंत जोडीचंच ठेवलं. अजूनही अर्ध्या लोकांना वाटतं दोघं होते. दादांची गाणी आमच्या आईनं घरात कधी लावू दिली नाहीत. चावट म्हणायची. आणि 1989 ला त्याच राम-लक्ष्मणनं 'मैंने प्यार किया' केला तेव्हा कॅसेट आणायला हिनेच बाबांना सीताबर्डीला पाठवलं. मग 'हम आपके हैं कौन', 14 गाणी. आमच्याकडे त्यानंतर एक लग्न त्याशिवाय लागलं नाही. 2021 ला ते गेले, इथेच नागपुरात. ज्यांच्या गाण्यावर अख्खा हिंदुस्थान वरातीत नाचला, त्यांचं नाव माझ्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं.

सी-402 अथर्व: मावशी रिस्पेक्ट. पण 'मैंने प्यार किया' तर कॉपी आहे ना? 'आते जाते' म्हणजे स्टीव्ही वंडर. 'मेरे रंग में'ची सुरुवात युरोप बँडचं 'फायनल काउंटडाऊन'. लिंक टाकू?

ए-203 वैशाली: टाक. माहीत आहे मला. ती पों-पों संपली आणि एस.पी. बालसुब्रह्मण्यम गायला सुरू झाले की कुठे राहतो तुझा युरोप? चोरी आहे, हौ. चोरी आहे हे कळल्यावर कान काय गोड लागणं बंद करते का?

डी-301 सुनंदा: त्यात लताबाई ऐका. साठीला टेकलेल्या होत्या, गायल्या विशीतल्या मुलीसाठी. वरच्या सुरांत आवाज पातळ झालाय, टोचतो, माझ्या विद्यार्थिनींना मी तो दाखवते. पण त्याच वयात ओळीच्या शेवटी श्वास कुठे चोरलाय तेही दाखवते. दोन्ही ऐकायला पाहिजे.

सी-201 किशोर: चांगलं संगीत म्हणजे बालगंधर्व, कुमार गंधर्व, भीमसेन. बाकी सगळा गोंगाट.

बी-104 प्रमोद: किशोर भाऊ, तुमच्या मुलाच्या वरातीत तुम्ही 'अभंगवाणी'वर नाचले होते का? व्हिडिओ आहे माझ्याकडे.

सी-201 किशोर: तो विषय वेगळा.

ए-203 वैशाली: तो विषय हाच आहे 😄 माझी मागणी आहे. यंदा कोजागिरीला गच्चीवर हीच गाणी. दरवर्षी आपण भावगीतं लावतो आणि लोक दूध पिऊन साडेनऊला खाली जातात.

डी-301 सुनंदा: आधी भुलाबाईची गाणी होतील. मुलींनी पाठ केली आहेत. त्यानंतर काय धुडगूस घालायचा तो घाला.

सेक्रेटरी: दहाला स्पीकर बंद. नंतर पोलिसांचा फोन मला येतो, तुम्हाला नाही. दुधाची वर्गणी आधी जमा करावी, मागच्या वर्षीची 7 फ्लॅटची अजून बाकी आहे.

बी-302 सागर: दहापर्यंत म्हणजे भुलाबाई धरून तासभर मिळतो. अल्ताफ राजाचं एकच गाणं घ्या, लांब आहे.

सी-402 अथर्व: यादी मी करतो, स्पीकर माझा आहे. एक अट. 'आशिक बनाया आपने' लागेल. मधेच बंद करायचं नाही, कोणी हसायचं नाही.

डी-301 सुनंदा: हिमेश रेशमिया? नाकातून गाण्याचा त्रास होत होता ना तुला सकाळी?

सी-402 अथर्व: काकू, 2005 ला मी तिसरीत होतो. टोपी घालून शाळेत जायचो.

ए-203 वैशाली: लहानपणची आठवण चालणार नाही. आवडते का ते सांग.

सी-402 अथर्व: आवडते. जाम आवडते. इयरफोन लावून ऐकतो, कोणाला स्क्रीन दिसू देत नाही.

बी-104 प्रमोद: मंजूर. पण झंकारमध्ये.