स्पोर्ट्स कार बारा-तेरा वर्षं ठेवली तर किंमत खरंच टिकते का?

ट्रॉयकर_समीर

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉयला राहतो. घरात एक मिनीव्हॅन आणि एक सेडान आहे, दोन्हींचे हप्ते फिटलेत. आता हौसेची दोन सीटची गाडी घ्यायची आहे आणि मुलगा कॉलेजला जाईपर्यंत, म्हणजे बारा-तेरा वर्षं ठेवायची आहे. बजेट ३५,००० डॉलर, फार तर थोडं वर.

डोक्यात तीन गाड्या आहेत. माझ्दाची नवी मियाटा, शेव्हरोलेची २०१४-१५ची मॅन्युअल सी७ (म्हणजे सातव्या पिढीची) कॉर्व्हेट, नाहीतर एखादी बऱ्या अवस्थेतली होंडा एस२०००. विकणारा माणूस मला म्हणाला, "या गाड्यांची किंमत पडत नाही, चालवा आणि तेवढ्यालाच विका." बायको म्हणते, हौस म्हणून घेतोयस तर हौस म्हण, गुंतवणुकीचं नाव पुढे करू नकोस. आता हा वाद तुमच्याकडे आणलाय.

आणखी एक. पुढेमागे पुण्याला परतलो तर गाडी सोबत नेता येईल का?

कोथरूडचा_क्लच

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: विसरा. भारतात वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं आणि गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. तुमच्या तिन्ही गाड्या पहिल्याच अटीत बाद.

आणि इकडे आल्यावर किंमत टिकण्याची भाषा विमावाल्यांपुढे काढू नका. त्यांचा घसाऱ्याचा तक्ता छापील आहे. सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. लाल कन्व्हर्टिबल असो की वॅगनआर, तक्ता तोच. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी बसून ठरवा.

नोव्हीचा_जुना_गिअर

समीर, तुझ्या बायकोचं बरोबर आहे. विकणाऱ्याचंही अगदीच खोटं नाही, फक्त तो वर्ष सांगायचं विसरला.

मी नोव्हीला असतो, गिअरबॉक्सच्या धंद्यात आयुष्य गेलं. २०१२च्या हिवाळ्याच्या तोंडावर २००६ची एस२००० घेतली, १७,४०० डॉलरला, ४१,००० मैल चाललेली. ती गाडी नवी असताना ३४,०००च्या आसपास पडायची. म्हणजे आधीच्या मालकाने सहा वर्षांत अर्धे पैसे गमावले आणि मी गाडी उचलली. ओहायोतला डेंटिस्ट होता, भला माणूस, सगळ्या पावत्या फाइलला लावून दिल्या. होंडाने २००९मध्ये ते मॉडेल बंद केलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काही आणलं नव्हतं. भाव तळाला गेलेले तेव्हाच. नंतर हळूहळू वर चढले.

आज माझी ७८,००० मैलांवर आहे. तशा गाड्या २२ ते २५ हजारांना जाताना दिसतात. वाचून छाती फुगते. पण २०१२चे १७,४०० म्हणजे आजचे जवळपास २४,०००. आकडा वाढला, पैसा तेवढाच राहिला. त्यावर खर्च धर. मागचे टायर या गाडीला भराभर लागतात. छपराचं कापड वयोमानाने गेलं, ते मजुरीसकट दीड हजाराला पडलं. अलाइनमेंट करायला गेलो तर मागचे बोल्ट बुशमध्ये गंजून बसलेले, कापून काढावे लागले. हा या मॉडेलचा ठरलेला आजार आहे, मिशिगनमध्ये तर हमखास. विमा, तेल, बॅटरी, गॅरेजमधली अडलेली जागा. सगळं धरून वर्षाला १,३०० डॉलर जातातच. त्याच काळात अमेरिकी शेअरबाजाराचा निर्देशांक एस अँड पी ५०० चौपटीच्या वर गेला. गुंतवणूक हा विषय इथे संपला.

आता दुसरी बाजू. त्याच सुमाराला रोजच्या वापरासाठी २४,०००ची नवी सेडान घेतली होती. ती दहा वर्षांनी दिली तेव्हा हातात ४,००० आले. तिच्याबद्दल मला आजवर एकाने विचारलं नाही की किंमत टिकली का! ते वीस हजार गेले याचं कोणाला काही वाटत नाही, आणि हौसेच्या गाडीचे वर्षाचे तेराशे मात्र सगळे मोजतात, माझ्या मेहुण्यासकट.

तुझ्या तीन गाड्यांकडे येतो. तिघींची गत वेगवेगळी आहे आणि विकणाऱ्याने एकाच वाक्यात तिघींना बसवलं तिथेच गडबड आहे.

कॉर्व्हेट सुंदर गाडी, पण केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यातून ती वर्षाला हजारोंनी बाहेर पडते, १९८१पासून. घेणारे बहुतेक पन्नाशी-साठीचे, गॅरेजात झाकून ठेवणारे. त्यामुळे कमी चाललेली, चकाचक कॉर्व्हेट ही दुर्मीळ गोष्ट कधीच नसते. सी५ बघ. नव्वदीच्या शेवटी ३८,०००च्या घरात मिळायची, आजच्या पैशात सत्तर हजारांच्या वर. आज चांगली सी५ पंधरा-वीस हजारांत मिळते. पाव शतक ठेवून हा हिशेब. सी७च्या बाजूने एकच मोठा मुद्दा आहे: इंजिन पुढे असलेली आणि क्लचचं पेडल असलेली ती शेवटची कॉर्व्हेट. २०२०ची सी८ आली ती मधल्या इंजिनची, आणि तिला मॅन्युअल मिळतच नाही. म्हणून घेतलीस तर मॅन्युअलच घे. तरी साधी स्टिंगरे (सी७चं मूळ मॉडेल) बारा वर्षांनी वर जाईल असं मला वाटत नाही. पडेल, पण सावकाश पडेल.

मियाटाची गोष्ट उलटी. २०१६मध्येच दहा लाखावी बनली आणि अजून बनतेय. नवी शोरूममध्ये उभी असेपर्यंत जुनीला भाव चढायचं कारण नाही. पण मुळात किंमतच कमी, त्यामुळे पडून पडून किती पडणार? पहिल्या पिढीची १९८९ साली १३,८००ला मिळायची. त्यातल्या न गंजलेल्यांना आता पुन्हा मागणी आली आहे, मध्ये पंचवीस-तीस वर्षं गेल्यावर. तुझी बारा वर्षं नेमकी खालच्या खड्ड्यात जातील.

एस२००० जगभरात मिळून १,१०,०००च्या आसपास बनल्या. पहिल्या गाड्यांचं दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, २४० हॉर्सपॉवर, लाल रेघ (इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा) मिनिटाला ९,०००वर. माझं नंतरचं २.२ लिटरचं, रेघ थोडी खाली, पण गावात चालवायला जास्त समंजस. असं इंजिन आज प्रदूषणाच्या नियमांत कोणी बनवणार नाही. किंमत धरून ठेवणारी गोष्ट ती. पण तू २०१२च्या भावात घेणार नाहीयेस. २०२१-२२मध्ये चिपचा तुटवडा झाला, जुन्या गाड्यांचे भाव आकाशाला भिडले, लोकांनी घरी बसून लिलावात बोली लावल्या. तेव्हा ज्यांनी घेतल्या ते आजही नुकसानीत बसलेत, गाडी तीच असून. किती वर्षं ठेवलीस यापेक्षा कुठल्या भावात शिरलास हे जास्त मोठं.

लिलावाच्या बातम्या वाचून वेडा होऊ नकोस. ५,५०,००० डॉलरला गेलेली टोयोटाची नारिंगी सुप्रा सिनेमात वापरलेली होती. शेजाऱ्याची सुप्रा त्या भावाला जात नाही.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं, आणि त्याने गाडी गंजते याचं, वेगळं सांगायला नको, तू इथलाच. डेट्रॉइट शहराच्या खालीच ११०० फुटांवर मिठाची खाण आहे, आपल्या रस्त्यांना काही कमी पडायचं नाही. पहिलं मीठ पडलं की माझी गाडी आत जाते. टाकी भरून, इंधनात स्टॅबिलायझर, बॅटरीला मंद चार्जर, टायरमध्ये हवा जास्त, आणि एक्झॉस्टच्या तोंडात स्टीलवूल, नाहीतर उंदीर संसार थाटतात. एप्रिलमध्ये एक-दोन जोरदार पाऊस पडून रस्ते धुतले गेल्याशिवाय बाहेर काढत नाही. धरून चाल की वर्षातले पाच महिने तू गाडीकडे फक्त बघणार आहेस.

शिकागोची_खातेवही

वरच्या काकांचा हिशेब चोख आहे, मी फक्त कराचं बघते. स्वतःच्या वापराची गाडी तोट्यात विकली तर तो तोटा करात दाखवता येत नाही. नफ्यात विकली तर मात्र तो भांडवली नफा. तोटा तुमचा, नफ्यात सरकार भागीदार. खरेदीची आणि मोठ्या दुरुस्त्यांची कागदपत्रं जपून ठेवा.

विमा घेताना 'अॅग्रीड व्हॅल्यू' पॉलिसी विचारा. नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर कंपनी त्या दिवशीचा बाजारभाव स्वतः ठरवते आणि मग भांडत बसा. यात रक्कम आधीच ठरलेली असते. अटी असतात: गाडी बंद गॅरेजात हवी, रोज ऑफिसला न्यायची नाही, घरात दुसरी गाडी हवी. तुमच्याकडे दोन आहेतच. हॅगर्टी ही या प्रकारातली मोठी कंपनी तुमच्याच राज्यात, ट्रॅव्हर्स सिटीला आहे. हप्ताही बऱ्याचदा कमी पडतो.

स्टुटगार्टची_मुक्ता

इकडचं थोडं सांगते. आमच्या गावातच पोर्शा बनतात, त्यामुळे चहाच्या टेबलावरही हाच विषय. पोर्शाच्या ९११ मॉडेलपैकी १९९८पर्यंतच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाड्यांचे भाव कुठल्या कुठे गेले. त्यानंतरची ९९६, पाण्याने थंड होणारी, कितीतरी वर्षं कोणी विचारत नव्हतं. एक तर दिवे पोर्शाच्याच स्वस्तातल्या बॉक्स्टरसारखे, त्यात इंजिनमधल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची बदनामी. पूर्वी तिला नाकं मुरडणारेच आता शोधत फिरतात. जुनाट आणि जुनी यांत इकडे तीस वर्षांचं अंतर आहे: तीस पूर्ण झाली आणि गाडी मूळ रूपात असली तर नंबराच्या शेवटी 'एच' लागतो आणि रस्ताकर वर्षाला १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. १९९६च्या पहिल्या बॉक्स्टरना हा एच २०२६मध्ये मिळू लागतो.

"मूळ रूपात" हे शब्द महत्त्वाचे. नवऱ्याने आमच्या बॉक्स्टरचा एक्झॉस्ट बदलला तेव्हा जुना मी तळघरात ठेवून घेतला. समीर, काहीही बदललंस तरी काढलेला भाग फेकू नकोस. आणि सर्व्हिसचं शिक्क्यांचं पुस्तक असलेली गाडी घे, मैल थोडे जास्त असले तरी. इकडे पुस्तक नसलेल्या गाडीला लोक फोनही करत नाहीत.

ट्रॉयकर_समीर

सगळ्यांचे आभार. बायकोला धागा वाचून दाखवला, "मेहुण्यासकट" वर फार हसली. गुंतवणूक हा शब्द आमच्या घरातून हद्दपार.

काका, टोलेडोजवळ एक २००७ची एस२००० आहे. ६४,००० मैल, दुसरा मालक, चंदेरी रंग, २६,५०० मागतोय. कोल्ड एअर इनटेक (इंजिनाला बाहेरची थंड हवा देणारी नळी) बसवलाय, मूळ एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) नाही म्हणतो. बघायला जाऊ का?

नोव्हीचा_जुना_गिअर

जा, पण भाव जास्त आहे. एअरबॉक्स नसल्याचे पैसे कमी कर, मूळ भाग शोधायला तुलाच हिंडावं लागेल. बॉनेट, दारं, फेंडर, डिकीचं झाकण, प्रत्येकावर होंडाचं व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) स्टिकर असतं. एखाद्यावर नसेल तर तो भाग बदललाय, का ते विचार. इंजिन थंड असताना सुरू कर, आधी गरम करून ठेवू नको असं त्याला सांगून ठेव. टाइमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल पडला असेल तर उजव्या बाजूने खडखड ऐकू येते. तेलाची कांडी स्वतः ओढून बघ, ही इंजिनं तेल पितात आणि लोक बघत नाहीत. छपराचं कापड मागच्या घडीजवळ तपास. गाडी लिफ्टवर चढवून मागच्या अलाइनमेंटच्या बोल्टना पाना लावून बघायला सांग. ते फिरले तर गाडीने मीठ फारसं खाल्लेलं नाही. तिथल्या एखाद्या तिऱ्हाईत गॅरेजला दीडशे-दोनशे डॉलर देऊन तपासणी करून घे, विकणारा नको म्हणाला तर तसाच परत ये.

२४,०००च्या वर जाऊ नकोस. शनिवारी मी मोकळा आहे, सोबत येतो. मात्र तिच्यावर उन्हाळी टायर असतील आणि थंडी चाळीस फॅरनहाइटच्या खाली असेल तर चालवत आणायची नाही, ट्रेलर बघून ठेव.